मिक्सर उलटा करा, बुडाचं लाल बटण दाबा : मराठीत 'कसं करायचं' सांगून कमावणाऱ्यांना खुलं पत्र

मित्रांनो, मैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातलं कुणी सातबारा कसा काढायचा ते सांगतं, कुणी लाडक्या बहिणीचा अर्ज कसा भरायचा ते, कुणी इडलीचं पीठ थंडीत कसं फुगवायचं ते. मी मिक्सर कसा उघडायचा ते सांगतो. कराडात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी लिहितो. गेली सहा वर्षं हे चाललंय. जाहिराती आणि माझ्या लिंकवरून झालेल्या खरेदीवरची दलाली मिळून दुकानाचं भाडं निघतं, लाइट बिल निघत नाही. म्हणजे मी काही या धंद्यातला मोठा माणूस नव्हे. तरी चार शब्द बोलायचे आहेत, कारण जाहिराती आणि दलालीपायी वाचकाला उगाच हिंडवायचे प्रकार आपण करतो, ते सगळे मीही करून बसलोय.

माझा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख म्हणजे 'मिक्सर चालता चालता बंद पडला तर'. त्याचं उत्तर दोन ओळींचं आहे. प्लग काढा, मिक्सर उलटा करा, बुडाला छोटंसं लाल बटण असेल ते आत दाबा. बऱ्याच मिक्सरना ते असतं. सुकं खोबरं एकदम जास्त टाकलं, चटणीला पाणी कमी पडलं, की मोटारीवर ताण येतो आणि ते बटण आपोआप बाहेर येऊन वीज तोडतं. दहा-पंधरा मिनिटं मोटार गार होऊ द्यायची, बटण दाबायचं, मिक्सर सुरू. वाचणाऱ्या बाईचा एक हात मसाल्याचा असतो, दुसऱ्या हातात फोन. वीस सेकंदांत तिचं काम होतं आणि ती जाते. तिला एकही जाहिरात धड दिसत नाही. अशा हजारेक बायकांमागे मला जे मिळतं त्यात माझ्या दुकानातल्या पोराचा वडापाव आणि चहा होतो.

२०२१ साली मी एक ब्लॉगिंगचा कोर्स घेतला. पैसे भरून घेतला, फुकट नाही. तिथे मला शिकवलं की उत्तर वर द्यायचं नसतं. आधी 'मिक्सर म्हणजे काय' लिहायचं. (ज्या बाईचा मिक्सर बंद पडलाय तिला!) मग मिक्सरचे प्रकार, मग मिक्सरचे फायदे, मग बंद पडण्याची नऊ कारणं, दर दोन परिच्छेदांनंतर एक जाहिरात, आणि लाल बटण सगळ्यात शेवटी. मी ते केलं. आठ महिने तसंच ठेवलं. लेख तीनशे शब्दांचा अठराशे शब्दांचा झाला आणि कमाई दुपटीच्या वर गेली, हे कबूल करतो. मग एक दिवस विद्यानगरातून एक गृहस्थ रिक्षा करून मिक्सर घेऊन दुकानात आले. मी उलटा केला, बटण दाबलं, चालू झाला. ते म्हणाले, "तुमचं वाचलं होतं हो, पण नेमकं काय करायचं ते सापडलं नाही." रिक्षाचे जाऊन-येऊन एकशे वीस गेले त्यांचे. मी दुरुस्तीचे काही घेतले नाहीत, घेणार कोणत्या तोंडाने?

त्याच आठवड्यात मी उत्तर परत पहिल्या ओळीत आणलं. पण ही गोष्ट तशी साधी, वेळेच्या अपव्ययाची. पुढची जास्त लागली.

घरघंटीच्या जाळ्यांवर माझा एक लेख आहे. गव्हाला कुठली जाळी, भाकरीच्या पिठाला कुठली, डाळीला कुठली. त्याचा एक पानाचा तक्ता करून ठेवलाय, फोनवर उतरवून घेता येतो. लेखात लिहिलं होतं, 'तक्त्यासाठी खालचं बटण दाबा.' त्या काळात मी ऑटो अ‍ॅड्स चालू ठेवल्या होत्या, म्हणजे जाहिरात कुठे बसवायची ते यंत्रच ठरवतं. यंत्राने काय केलं, तर माझं वाक्य आणि माझं बटण यांच्या बरोब्बर मध्ये एक जाहिरात बसवली. हिरवी, चांगली रुंद, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'डाउनलोड'. माझं बटण त्याच्या खाली, राखाडी, गरीब.

आमच्याकडे पट्टा बदलायला येणाऱ्या एक काकू आहेत, घरी दळण घेतात. त्यांनी ते हिरवं दाबलं. कुठलंतरी अ‍ॅप उतरलं. त्यानंतर फोन उघडला की जाहिरात, फोन ठेवला की जाहिरात, फोन आला तरी आधी जाहिरात. त्यांनी तो मोबाइलच्या एका दुकानात दाखवला, तिथल्या मुलाने तीनशे रुपये घेऊन फोन पार पुसून दिला. नातवाच्या बारशाचे फोटो त्यातच होते, ते गेले. हे सगळं त्यांनी मला पट्टा बदलताना सहज सांगितलं. राग नव्हता. शेवटी एवढंच विचारलं, "तुम्हीच लिहिलं होतं ना, खालचं बटण दाबा म्हणून?"

मी त्यांच्याच फोनवर माझं पान उघडून पाहिलं. दुकानातल्या मोठ्या पडद्यावर ते पान मी शंभरदा बघितलं होतं, त्यात ती जाहिरात उजवीकडे बाजूला दिसायची. साडेपाच इंची फोनवर ते पान मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. त्या एका दाबण्याचे मला किती मिळाले असतील? एखाद-दोन रुपये. त्यातही चुकून झालेले दाब लक्षात आले की गूगल महिनाअखेरीला ते पैसे कापून घेतं. म्हणजे कदाचित तेही नाहीत.

आता तुमची पानं फोनवर उघडा. खरंच उघडा, आत्ता. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या दोन-तीन जणींना अर्ज भरायला मदत करत होतो. त्या ज्या पानांवरून यायच्या ती पानं मी पाहिली आहेत. 'अर्ज करण्यासाठी येथे क्लिक करा' हे निळं वाक्य, त्याखाली जाहिरात, मग 'येथे क्लिक करा', ते दाबलं की त्याच संकेतस्थळाचं दुसरं पान, तिथे पंधरा सेकंदांची उलटी मोजणी, मग पुन्हा 'येथे क्लिक करा', आणि ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं. सरकारी पत्ता कुठेच नाही. सातबाऱ्याचं तेच. साधा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो. हे सांगायला दोन ओळी लागतात आणि एक खरा पत्ता लागतो. तुम्ही शेतकऱ्याला चार पानं हिंडवता. तलाठ्याकडचे हेलपाटे वाचावेत म्हणून तो बिचारा तुमच्याकडे आलेला असतो.

तुम्ही म्हणाल, अहो मराठीला भावच कमी, दुसरं काय करणार? भाव कमी हे खरंच. अ‍ॅडसेन्सने (आपल्या पानांवर जाहिराती बसवून पैसे देणारी गूगलची सेवा) मराठीला आपल्या भाषांच्या यादीत घेतलं तेच मुळी २०१८ मध्ये, हिंदीनंतर चार वर्षांनी. इंग्रजी पानावर जी जाहिरात चांगला पैसा देते तिची मराठी बहीण त्याच्या पासंगाला पुरत नाही. पण मग गणित तरी पुरतं मांडू. गूगलच्या सांगण्यानुसार आपल्या वाट्याला साधारण ६८ टक्के येतात. २०२४ च्या सुरुवातीपासून त्यांनी क्लिकच्या हिशेबाऐवजी जाहिरात दिसण्याचा हिशेब धरला आहे. तरी जाहिरातदार मूर्ख नसतो. कर्जाच्या अ‍ॅपवाला बघतो की कराड-साताऱ्याकडून पाचशे लोक आले आणि चारशे नव्वद दोन सेकंदांत परत गेले. तो पुढच्या वेळी आपल्या पानांसाठी कमी बोली लावतो. मराठी पानांचा भाव कमी असण्यात आपल्या या हिरव्या बटणांचा हात नाही, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आणि हे नियमातही बसत नाही. चुकून दाबलं जाईल अशी जाहिरात ठेवू नका, मजकुरासारखी दिसेल अशी ठेवू नका, हे अ‍ॅडसेन्सच्या धोरणात स्पष्ट आहे. आपण 'मान्य' म्हणून जिथे टिचकी मारली तिथेच ते लिहिलेलं होतं. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेरा प्रकार त्यात दिलेत. वेश पालटून आलेली जाहिरात हा त्यातलाच एक. खोटी घाई करायला लावणं हा आणखी एक. 'फक्त आजचा दिवस, लगेच अर्ज करा' असं मुदत महिनाभर असताना लिहिणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

आता दलालीकडे येतो. अ‍ॅफिलिएट हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही, कारण माझ्या वाचकाला तो कळत नाही. दलाली त्याला लगेच कळते.

पंखा हळू फिरतो, रेग्युलेटर पाचवर असूनही वारा येत नाही. दहातल्या आठ वेळा कंडेन्सर गेलेला असतो. छताच्या साध्या पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, पन्नास-साठ रुपयांना मिळतो. मेन स्विच बंद करायचा, जुन्यावरचा आकडा बघून तसाच आणायचा, दोन वायरी जोडायच्या. मी हे लिहितो आणि कंडेन्सरची लिंक देतो. कुणी त्यावरून घेतला तर मला दोन रुपये सुटतात. त्याऐवजी मी लिहिलं, 'पंखा जुना झालाय, बीएलडीसी घ्या, वीज वाचते', आणि तीन हजारांच्या पंख्याची लिंक दिली, तर शंभराच्या वर सुटतात. वाक्य खोटंसुद्धा नाही, बीएलडीसी पंखा वीज खरंच कमी खातो. पण विचारणाऱ्याने ते विचारलेलं नसतं.

दुरुस्ती सांगणाऱ्याला दोन रुपये आणि मोडीत काढायला सांगणाऱ्याला शंभर, अशी ही व्यवस्था आहे. ती मी केलेली नाही, तुम्हीही नाही. पण रोज लिहायला बसलं की ती आपल्या कानाशी बसलेली असते. मी 'नवीन घ्या' असं लिहिताना आता एक करतो: दुकानात हेच गिऱ्हाईक समोर उभं असतं तर मी हे म्हटलं असतं का, एवढं बघतो. मोटार जळून वाइंडिंगचा वास येत असेल आणि मिक्सर स्वस्तातला, अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा असेल, तर दुकानातही मी म्हणतो, काकी, यावर खर्च करू नका. तेव्हा लिंक द्यायला मला काही वाटत नाही.

जनावरांच्या बाजारात जुना रिवाज आहे. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटं धरून भाव ठरतो, भोवतीच्यांना काही कळत नाही. आपली लिंक तशी आहे. वाचकाला वाटतं हा माणूस आपुलकीने सांगतोय, आणि रुमालाखाली आपलं बोट तिसऱ्याच्या हातात. अ‍ॅमेझॉनचा करार म्हणतो की दलाली मिळते हे वाचकाला सांगा. आपण सांगतो! सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात, इंग्रजीत. अठराशे शब्द मराठीत आणि पैशाचं एक वाक्य तेवढं इंग्रजीत, हा योगायोग म्हणावा का? भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची तत्त्वं आणि ग्राहक मंत्रालयाची जानेवारी २०२३ ची पुस्तिका दोन्ही हेच सांगतात, की पैशाचा संबंध असेल तर तो ठळक आणि सोप्या भाषेत सांगा.

माझ्या पानावर आता लिंकच्या आधी, त्याच आकाराच्या अक्षरात असतं: 'इथून घेतलंत तर मला थोडी दलाली मिळते, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत. गावातल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात हाच कंडेन्सर याच भावात मिळेल.' दुसरं वाक्य वाचून एका मित्राने मला वेड्यात काढलं. पण दलाली खाली आली नाही. थोडी वरच गेली असेल, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. अ‍ॅमेझॉनच्या लिंकवरून आत गेलेल्याने चोवीस तासांत जे काही घेतलं त्यावर आपल्याला वाटा मिळतो. कंडेन्सर बघायला गेलेला माणूस कंडेन्सर घेतच नाही, तो पेठेतून आणतो. पण त्याच रात्री घरातलं कुणीतरी पैठणीच्या काठाचे पडदे मागवतं. गेल्या दिवाळीत माझी सगळ्यात मोठी दलाली एका लहान मुलाच्या सायकलवर होती. सायकलबद्दल मी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही.

'सर्वोत्तम दहा मिक्सर' वगैरे याद्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण खरा पैसा तिथे आहे. माझीही एक होती, 'तीन हजारांच्या आतले सात मिक्सर'. त्यातले चार मी उघडून पाहिलेले, दुरुस्त केलेले, त्यांचे कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसून फिरतं तो मोटारीवरचा तुकडा, बदललेले. (कपलरचे आटे बऱ्याच मिक्सरमध्ये उलटे असतात, नेहमीच्या दिशेने जोर लावून पुष्कळांनी तो तोडून आणलाय.) उरलेले तीन मी फक्त फोटोत बघितलेले. सात हा आकडा चांगला दिसतो म्हणून ते घातले, आणि त्यांच्याबद्दल दुकानातल्या खोक्यावरचं वाचून 'दमदार मोटर' असं लिहिलं. गेल्या वर्षी ते तीन काढले. यादी चारची झाली, गूगलवर ती खाली गेली आणि महिन्याला नऊशे-हजाराचा फटका बसला. अजून भरून निघालेला नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर प्रामाणिकपणाने कमाई वाढते असं मी म्हणतोय असं वाटायचं. काही वेळा ती सरळ कमी होते.

कोर्स विकणाऱ्यांना तर दोन शब्द वेगळे. तुम्ही कमाई दाखवणाऱ्या डॅशबोर्डचा फोटो दाखवता त्यात अंदाजी आकडा असतो, हातात पडलेला नव्हे. दहा डॉलर झाल्यावर पत्ता तपासायला गूगलचा पिन पोस्टाने येतो, तो पोस्टमन शेजारच्या दुकानात देऊन जातो. शंभर डॉलर पुरे झाल्याशिवाय एक पैसा बँकेत येत नाही. मला पहिले शंभर व्हायला चौदा महिने लागले. बँकेतल्या साहेबांना परदेशातून आलेले पैसे कशाचे हे समजावण्यात एक सकाळ गेली. दलालीवर टीडीएस कापला जातो, विवरणपत्र भरावं लागतं. यातलं काहीही तुमच्या शिकवणीत नव्हतं. बारावी झालेली पोरं तुमचा व्हिडिओ बघून नोकरी शोधायचं थांबवतात, हे तुम्हाला दिसत असेलच.

शिवाय तुमची ती 'उत्तर खाली ढकला' विद्या आता चालणारही नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल स्वतःच वरच्या चौकोनात उत्तर देऊ लागलंय, आधी इंग्रजी-हिंदीत. लाल बटण दाबा हे सांगायला त्याला माझी गरज उरलेली नाही, जरी ते माझ्यासारख्यांचं वाचूनच शिकलं असलं. त्याचा मला राग आहे, तो वेगळ्या पत्राचा विषय. पण दोन ओळींचं उत्तर जर तिथेच मिळणार असेल, तर आपल्या पानावर माणूस कशाला येईल? जळलेल्या कपलरचा आणि झिजलेल्या कपलरचा फोटो शेजारी शेजारी बघायला. बटण दाबूनही तिसऱ्यांदा बंद पडला तर बेअरिंग जाम झालंय हे हाताने फिरवून कसं ओळखायचं, ते बघायला. हे ज्याने केलंय त्यालाच लिहिता येतं. आणि दलालीचाही भरवसा नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने घरदुरुस्तीच्या सामानाची दलाली एका फटक्यात आठ टक्क्यांवरून तीनवर आणली. तिथल्या आपल्यासारख्यांना काही दिवसांची पूर्वसूचना मिळाली, बस्स. मालक दुसरा आहे, दर तो ठरवतो. आपल्या हातात फक्त वाचक आहे, जो परत येतो किंवा येत नाही.

माझं मागणं फार नाही. ऑटो अ‍ॅड्स ठेवायच्या तर ठेवा, पण जिथे तुम्ही वाचकाला काही दाबायला सांगता तो भाग त्यातून वगळा, तशी सोय सेटिंगमध्ये आहे. झटपट श्रीमंतीच्या जाहिराती बंद करायची सोयही तिथेच आहे, मी ती वापरली, कमाईत फरक फारसा जाणवला नाही. सरकारी अर्जाबद्दल लिहिताना सरकारी पत्ता पहिल्या परिच्छेदात द्या आणि अर्जाला फी नसेल तर 'फी नाही' असं लिहा. दलाली मराठीत सांगा. आणि महिन्यातून एकदा स्वतःचं पान आईच्या फोनवर उघडा, तिला द्या, आणि ती कुठे बोट ठेवते ते गप्प बसून बघा. माझ्या आईने परवा दोनदा चुकीच्या जागी ठेवलं. ते पान मी अजून दुरुस्त करतोय.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल भांडायला यावं. दुकान सोमवारी बंद असतं.

आपला,
कराडचा एक रिवाइंडिंगवाला

ता. क. – त्या काकूंचे फोटो मिळाले नाहीत. बारशाला आलेल्या दोघा-तिघांच्या फोनवरून जे जमले ते मी त्यांना पेनड्राइव्हवर घालून दिले. तक्ता आता छापील ठेवलाय, पट्टा घ्यायला येणाऱ्यांना तसाच देतो.